बाबांचा भात

निरंजन कुकर लावायला शिकवू लागला तेव्हाच भालचंद्र खांबेट्यांच्या मनात पाल चुकचुकली. घरात बापलेक दोघंच. एरवी हा मुलगा त्यांना गॅसजवळ फिरकूही देत नसे. आता मात्र भात झाला, वीजबिल झालं, शेजाऱ्यांकडे जादाची किल्लीही देऊन झाली! म्हातारपणाची सोय वेळेत व्हावी म्हणून सरकार हल्ली रक्त तपासून प्रत्येकाचं उरलेलं आयुष्य सांगतं. दोघांचे निकाल आल्यापासूनच ही थेरं सुरू झाली होती.

“मला एकट्याला टाकून कुठं निघालास रे? परदेशी?”

“बाबा, तुम्ही चांगले नव्वदी गाठताय.”

“आणि तू?”

निरंजननं कुकरचं झाकण काढलं.

“पाणी कमी पडलंय. परत लावा. मी आहे तोवर जमायला हवं.”