खोलीत दुसरं कोण

'कधीही, कुठेही शिका' या जाहिरातीला भुलून मैत्रेयीने ऑनलाइन एमबीएला अ‍ॅडमिशन घेतलं होतं. परीक्षेला मात्र रिकामी खोली लागायची. कॅम्प एक वस्तीतल्या त्यांच्या घरात खोलीच एक. त्यामुळे पेपरच्या दिवशी आई, पप्पा, आजी आणि शिट्टी वाजेल म्हणून कुकरसुद्धा, सगळ्यांची रवानगी गॅलरीत झाली.

पेपर सुरू झाला आणि लॅपटॉपमधून, कॅमेऱ्यावरून लक्ष ठेवणाऱ्या सुपरवायझरचा आवाज आला.

"मॅडम, तुमच्या मागे सेकंड पर्सन आहे. चष्मा आणि कोटवाले."

"सर, मी एकटीच आहे."

"सिस्टीमने पकडलंय, मॅडम."

मैत्रेयीने मागे वळून भिंतीकडे पाहिलं. "सर, तो बाबासाहेबांचा फोटो आहे."

"असेल. पण चेहरा दिसला की सिस्टीम माणूसच धरते. त्यांना बाहेर बसवा, नाहीतर पेपर बंद पडेल."

ती नाइलाजाने स्टुलावर चढली आणि तिने फोटोला हात घातला, तेवढ्यात गॅलरीच्या खिडकीतून आजीने डोकं आत घातलं.

"राहू दे तिथंच," आजी म्हणाली. "त्या पोराला सांग, यांना एकदा वर्गाबाहेर बसवलं होतं, तर यांनी अख्ख्या देशाची घटना लिहिली. परत बसवायची डेरिंग आहे का, विचार."