डाव्या हाताचा घुमारा

बाबांच्या शोकसभेत त्यांच्या वादनाचं रेकॉर्डिंग लागलं आणि मी उठून साउंडवाल्याकडे गेले. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून ते जो घुमारा काढायचे, तो नव्हताच. उरली होती नुसती टकटक, तीही चिरकी.

"स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरमधलं लोखंड एवढुसं आहे," साउंडवाला म्हणाला. "खालचा, खर्जातला आवाज त्याला पेलत नाही, फाटतो. म्हणून मीच कापलाय. राहू द्या हो ताई, कुणाला कळतंय?"

खरंच कुणाला कळत नव्हतं. माना डोलत होत्या.

बाबांचा पखवाज आज मी त्यांच्या पट्टशिष्याला, श्रीरंगला, देणार होते. तो व्यासपीठावर आला. डोळे मिटून, छातीवर हात ठेवून म्हणाला, "ऐका, गुरुजींचा डावा हात कसा घुमतोय!"

कुणीतरी हुंदका दिला. मला त्या मिटलेल्या डोळ्यांची किळस आली.

पखवाज घ्यायला त्याने हात पुढे केले. मी तो पोटाशी धरून ठेवला.

"ताई, लोक बघतायत," तो पुटपुटला.

"बघू देत. डावा हात घुमतच नाहीये, हे त्यांना नाही कळलं तर चालेल. तुला कळायला हवं होतं."