दर दोन तासांनी एक वाटी

बसंतीबाईंनी नवऱ्याची मूठ उघडली आणि आतला हुरडा काढून घेतला. दहा-बारा दाणे असतील, जास्त नाहीत. पण काढून घेतला, परातीत टाकला आणि परात उचलून आत नेली.

"खाऊ द्यायचे की भाभी," शेठजींचा दोस्त राधाकिसन ओशाळून म्हणाला. हुरडा त्यानंच आणला होता, स्वतःच्या रानातला, सकाळीच भाजून, फडक्यात बांधून. "चार दाण्यानं काय होतंय?"

"डॉक्टरचं पथ्य हाय. बिलकुल न्हाई," त्या आतूनच म्हणाल्या. "पुढच्या साली पोतं भरून आणा. मी स्वतः चोळून घालीन त्यांना."

 रिकामा तळहात धोतराला पुसून बद्रीनारायण शेठ नुसते हसले.

परतूरच्या धान्यबाजारात याच शेठजींच्या खाण्याच्या गोष्टी सांगून माणसं पोट धरून हसायची. त्यांना शेवटच्या पंगतीला बसवू नये, स्वयंपाक्यावर उपाशी राहायची पाळी येते, असं म्हणत. हुरड्याच्या दिवसांत ते दुकान धाकट्या भावावर टाकून राधाकिसनच्या रानात जाऊन बसत. आगटीजवळून उठवायला घरून माणूस पाठवावा लागे.

त्याच पोटात दसऱ्याच्या सुमारास कळा सुरू झाल्या. निजामाचं राज्य जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी मोठ्या दुखण्याला माणसं अजून हैदराबादच गाठत. धाकटा भाऊ अमरचंद त्यांना रेल्वेनं घेऊन गेला. पोटाचं ऑपरेशन झालं. परत आल्या आल्या अमरचंदनं ओसरीवर सगळ्यांसमोर पथ्य सांगितलं. तीन महिने, दर दोन तासांनी एक वाटी. तांदळाची पेज, मुगाचं पाणी, नाहीतर गाळलेलं ताक. भाकरी नाही, तिखट नाही, दाणा तर दाताला लावायचा नाही. एवढं सांभाळलं की माणूस खडखडीत बरा.

बसंतीबाईंनी दुकानातलं घड्याळ काढून स्वयंपाकघरात लावलं. एक लहान वाटी ठरवली. ज्या माणसानं खाण्याच्या बाबतीत जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं, तो ती वाटी पुढं आली की निमूट तोंडाला लावायचा. सारा गाव थक्क झाला. शेठजी मात्र वाळत चालले होते. डोळे खोल गेले, सदरा अंगावर लोंबायला लागला. कुणी तसं बोललंच तर बसंतीबाई म्हणत, पथ्याचं अंग असंच दिसतं, पथ्य सुटू द्या, मंग बघा. बिचाऱ्या. त्यांच्या बोलण्यात इतका भरवसा असायचा, की ऐकणाऱ्यालाच आपल्या डोळ्यांची लाज वाटे.

राधाकिसन रिकामं फडकं घेऊन निघून गेला. अमरचंद दारात उभा होता आणि त्यानं सगळं पाहिलं होतं. भाभी परसात गेल्याचं बघून तो आत शिरला, परातीतला ओंजळभर हुरडा घेऊन बाहेर आला आणि भावाच्या खाटेजवळ खाली बसला.

"भाईजी, खा."

शेठजींनी मान हलवली.

"खा म्हणतो ना. पथ्य काहीच न्हाई तुम्हाला. मी सांगितल्तं ते सगळं माझ्या मनचं."

त्याला रडू आवरेना. दोन महिने दाबून धरलेलं एकदम बाहेर आलं. डॉक्टरांनी पोट उघडलं होतं, आतलं पाहिलं होतं आणि काही न काढता तसंच शिवून टाकलं होतं. फार तर तीन महिने, म्हणाले होते. घरी न्या, मागतील ते खाऊ घाला. आता वैद्यानं पथ्य सोडवलं म्हणजे रोग्याची आशा सोडली, हे आपल्याकडं पोरासोरांनाही कळतं. 'मागतील ते खाऊ घाला' हे शब्द घेऊन घराचा उंबरा ओलांडायची अमरचंदची छाती झाली नाही. म्हणून गाडीत बसल्या बसल्या त्यानं हे पथ्य रचलं आणि परतूर येईपर्यंत पाठ केलं. भावाला आशा देतोय असं त्याला वाटलं होतं. आज त्याच भावाच्या मुठीतला हुरडा गेलेला त्यानं पाहिला.

"चुकलो भाईजी. खा, जल्दी खा. भाभी येतील."

शेठजींनी त्याच्या ओंजळीतला एक दाणा उचलला. नाकाजवळ नेऊन बराच वेळ त्याचा वास घेतला. मग तो दाणा परत ओंजळीत ठेवला.

"हे जागेवर ठेवून ये," ते म्हणाले. "तू डॉक्टरशी बोलून राह्यल्ता, तवा मी जागा होतो."

 परसातून बसंतीबाई आत आल्या. भांड्यांचा आवाज झाला. पेजेची वेळ झाली होती.

"मंग हे दोन महिने?" अमरचंद कसाबसा म्हणाला. "कशापायी पाळलं तुम्ही?"

शेठजी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "आपण हैदराबादला गेल्तो, तवा तिनं अन्न सोडल्तं. बारा दिवस घोटभर ताकावर. तू ओसरीवर पथ्य सांगितलं, तशी ती उठली, चूल पेटवली, माझी पेज केली, आन् मंग स्वतः जेवली."