उलट्या बाकाचा दांडा

कुमुदनं पाना फिरवून शेवटचा नट आवळला आणि कपाळावर हात मारून घेतला. गाडी शिकताना गियरचा दांडा तिनंच तोडला होता. आता नवा बसवला खरा, पण त्याचा बाक ड्रायव्हरकडे यायच्या ऐवजी डावीकडच्या सीटकडे आला होता.

तिथं नवरा बसला होता. गाडीचं प्रत्येक काम दारातच, स्वतःच्या हातानं करणारा माणूस. पण अर्धांगवायूनं डावा हात गेल्यापासून गाडीकडे ढुंकूनही बघत नव्हता. आज तिनंच त्याला बळेबळे आणून बसवलं होतं.

"उलटा बसला हो! थांबा, खोलते पुन्हा."

त्याचा उजवा हात दांड्यावर आला. बोटं मुठीभोवती मिटली.

"राहू दे," तो म्हणाला. "गाडी चालू कर. क्लच दाब."

तिनं दाबला. पहिला गियर जराही न करकरता पडला. गाडी फाटकाबाहेर निघाली. कोपऱ्यावर तिनं काही न बोलता क्लच दाबला, त्यानं न बघता दुसरा टाकला. स्टिअरिंग धरून ती त्या हाताकडे बघतच राहिली.

"समोर बघ की!" तो खेकसला. "तिसरा टाकतोय."