बरोबर वाक्य

रंजीता मॅडम दहावीच्या वर्गाला इंग्रजीतलं ‘मस्ट हॅव’ शिकवत होत्या: घडून गेलेल्या गोष्टीबद्दल खात्रीचा अंदाज. सुरेंद्रने उठून वाक्य केलं, “आचल मस्ट हॅव स्टोलन द वॉच.” वर्गातल्याच पुनमचं घड्याळ सकाळी हरवलं होतं. वर्ग हसला. “अगदी बरोबर!” वाक्य जमल्याच्या आनंदात मॅडम बोलून गेल्या. आचलने दप्तर उचललं आणि ती निघून गेली. दुपारी घड्याळ हातपंपापाशी सापडलं. शाळा सुटताच मॅडम तळ्याकाठच्या आचलच्या घरी पोचल्या. आईला काहीच ठाऊक नव्हतं. “पयल्यांदाच आल्या मॅडम, जेवूनच जा,” म्हणत तिने भात आणि ताज्या मासोळीचा रस्सा वाढला. “आचल, मी चुकले,” त्या ताटाकडेच पाहत म्हणाल्या. “काऊन व, का झालं?” आईने लेकीला विचारलं. “काई नाई माय,” आचल म्हणाली, “मॅडमले भात वाढ.”