रणगाड्यांची उष्णता

पटावर अकरा सोंगट्या उरल्या होत्या: चार दोन पायांचे यंत्रयोद्धे आणि सात रणगाडे. पट पांघरुणावर होता, पांघरुणाखाली धाकट्याचे पाय.

चार दिवस तो तापाने पडून होता. ताप एकशे दोनच्या खाली आला नाही तर संध्याकाळी दवाखान्यात भरती करायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाच वाजता नर्सबाई तपासायला येणार होत्या. घरातल्या थर्मामीटरचा सेल संपला होता आणि त्याला एकटं टाकून ताईला दुकानात जाता आलं नव्हतं. ती दर तासाला त्याच्या कपाळावर हात ठेवायची आणि वहीत लिहायची. एक वाजता: चटका. दोन: गरम. तीन: कोमट.

"तुझा योद्धा तापला," धाकटा म्हणाला. खेळ त्यानेच रचला होता, नियम अजून ठरत होते. "आता तो सावकाश चालणार, नेम चुकणार. आणखी तापला की जागच्या जागी बंद."

"आणि तुझे रणगाडे? ते काय बर्फाचे आहेत?"

"रणगाड्यांची उष्णता मोजायचीच नाही. ते आपले चालत राहतात. गृहीत धरायचं."

"घरातल्या मोठ्या बहिणीसारखं."

"झालं सुरू!"

ताईने फासे टाकले. "सात."

"नऊ आहेत, ताई. गणितात पहिली यायचीस ना तू?"

"चार रात्री जागून बघ, मग बोल." तिने शाल ओढून घेतली.

चार वाजता तिने पुन्हा कपाळ चाचपलं. थोडा वेळ हात तसाच ठेवला.

"गार!" ती म्हणाली. "उतरला रे ताप."

"मला तर अजून हुडहुडी भरतेय."

"नाटकं पुरे. घाम येईल आता." दवाखान्यासाठी भरून ठेवलेली पिशवी तिने उघडली आणि त्याचे दोन सदरे परत कपाटात लावले. मग वहीत लिहिलं: चार, गार.

पाचला नर्सबाई आल्या.

"ताप गेला," ताईने दारातच सांगितलं. "उगाच फेरी पडली तुम्हाला."

"आलेच आहे तर बघते."

त्यांनी धाकट्याच्या काखेत थर्मामीटर ठेवला, आकडा वाचला. मग ताईकडे नीट पाहिलं. थर्मामीटर पुसला आणि तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

कागदावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या. भाऊ: एकशे तीन. बहीण: एकशे चार पूर्णांक सहा.