ऐकणाऱ्या बाई

"जरा अंग धरलंय लेकीनं," शिंपीदादा खुर्चीत टेकत म्हणाले. "जुना कोट खांद्यात अडकतो, म्हणून परवा माझ्याकडे टाकून गेली. आता शिवण उसवीन हो, पण आत कापड नको का?"

बाई हसल्या. "आणि नोकरी?"

"चाललीय. साहेब खडूस आहे म्हणते. पण हिचंही तोंड काही कमी नाही. पुरून उरेल त्याला."

बाहेर व्हरांड्यात मुलांची ये-जा चालली होती. समुपदेशकांचे आभार मानायचा आज दिवस, आणि या सरकारी शाळेत समुपदेशक म्हणजे एकट्या बाईच. मुलांनी फळ्यावर रंगीत खडूंनी त्यांचं चित्र काढलं होतं. त्यात कान चेहऱ्याहून मोठे होते. शिकवणाऱ्या आणि ओरडणाऱ्या बाई शाळेत पैशाला पासरी मिळत, ऐकणाऱ्या बाई एवढ्याच. मुलं त्यांना हाक मारायचीसुद्धा तशीच, 'ऐकणाऱ्या बाई'.

दर वर्षी या दिवशी शिंपीदादा दुकान बंद ठेवून येत. इस्त्रीचा शर्ट घालून बसत, लेकीची खबरबात सांगत आणि जात. बाईंना या भेटीची धास्ती वाटे आणि ओढही.

भिंतीवरचा कर्णा खरखरला. शाळेच्या बातम्या सुरू झाल्या. खो-खोचा सामना हरल्याचं सांगून झालं, हरवलेल्या डब्यांचं सांगून झालं, आणि मग मुख्याध्यापकांचा आवाज आला, "जड अंतःकरणानं सांगतो, की आपल्या समुपदेशक बाई या महिन्यात निवृत्त होत आहेत." मुख्याध्यापकांचं अंतःकरण गेल्या आठवड्यात पाण्याची टाकी फुटली तेव्हाही असंच जड झालं होतं.

शिंपीदादांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला.

"म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही इथं नाही?"

याच प्रश्नाला बाई घाबरत होत्या. "माझ्या जागी नवीन बाई आल्यात, दादा. गुणी मुलगी आहे. माझ्याशी बोलता ना, तसंच तिच्याशी बोलायचं."

"तसं कसं होईल, बाई?" दादा बोटांनी शर्टाची शिवण चाचपत राहिले. मग एकदम म्हणाले, "घरी कोण असतं तुमच्या?"

"मी एकटीच. का हो?"

"काही नाही. सहज." ते उठले. दारात चपला सरकवून निघाले.

मुलांनी दिलेली फुलं सांभाळत नवीन बाई आत आली. "केवढं कौतुक करत होते लेकीचं! दारापर्यंत ऐकू येत होतं. तुमची विद्यार्थिनी का?"

बाईंनी दार लोटून घेतलं.

"सातवीत असतानाच गेली ती."

नवीन बाई फुलं टेबलावर ठेवायची विसरली.

"डोकं दुखतं म्हणायची. रोज इथं येऊन बसायची. परीक्षेची धास्ती घेतलीय, जाईल आपोआप, असं मीच तिच्या वडिलांना सांगितलं होतं. डोक्यात गाठ निघाली." पाणी पिऊन त्या पुढे म्हणाल्या, "त्यांना ते पचलंच नाही गं. थोड्याच दिवसांनी इथं आले. आले ते सरळ म्हणाले, बरी आहे. आता समोरचा माणूस असं म्हणतोय म्हटल्यावर मी काय करणार? तोंडावर खरं फेकून त्याला मोडू? गप्प ऐकून घेतलं. मग दर वर्षी ती मोठी होत गेली. शाळा संपली, कॉलेज झालं. आता कोट घट्ट होतोय."

"तुम्हाला किती त्रास होत असेल!"

"होतो ना. ते गेले की दिवसभर घशाखाली घास उतरत नाही. पण त्यांच्याकडे आता तेवढंच उरलंय. हात सोडला तर कोलमडतील." बाईंनी तिचं मनगट धरलं. "म्हणून तुला सांगते. खरं सांगायला जाऊ नकोस. नुसतं ऐकायचं. आणि आत्ताच ओळख करून घे. फाटकापर्यंतही पोचले नसतील अजून."

नवीन बाई लगबगीनं गेली. बाईंचा जीव काही खोलीत रमेना. पोर नवखी, पटकन काहीतरी बोलून बसायची. त्याही मागोमाग निघाल्या. व्हरांड्याच्या टोकाशी, नळाजवळ, शिंपीदादांची पाठ दिसली. समोर नवीन बाई उभी होती. बाई खांबाशीच थांबल्या.

"बरं झालं तुम्ही भेटलात," दादा हलक्या आवाजात सांगत होते. "बाईंचा घरचा पत्ता देता का? आता तिकडेच जात जाईन."

"दादा, तुम्ही इथं या ना. माझ्याशी बोला."

"तुमच्याशी काय बोलू? मला कुठं काही बोलायचंय? माझी लेक गेली, हे मला ठाऊक आहे की. बाईंचं काय होईल, ते बघायला नको?" त्यांनी डोळे पुसले. "ती गेल्यावर तिचं दप्तर न्यायला आलो होतो हो मी. तर बाईंनी खुर्ची पुढे केली आणि मलाच विचारलं, 'आता डोकं दुखायचं थांबलं ना तिचं?' बाई आपल्या उत्तराची वाट बघतायत. शेवटी म्हटलं, हो बाई, बरी आहे."